नानकटाईत दूध

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी तुमच्याशी एकदाही बोलले नाही. मनातसुद्धा नाही. लोक गेलेल्या माणसाच्या फोटोशी बोलतात म्हणे. मी तुमच्या फोटोवरची धूळ पुसते आणि कामाला लागते. आज लिहायला बसले त्याला कारण एक पोरगी आहे. पुण्याला शिकते, सुटीत खामगावला आलेली. परवा दुपारी भट्टीवर आली. तिच्या मावशीनं परदेशातून बिस्किटांचा डबा पाठवला होता, त्यातली दोन तिनं माझ्यासाठी कागदात गुंडाळून आणलेली. म्हणाली, "काकू, याले शॉर्टब्रेड म्हणतात. खाऊन पाहा, तुमच्या नानकटाईसारखं लागते का नाही." मी तुकडा मोडला. आवाज झाला नाही, नुसता भुगा सुटला. जिभेवर ठेवला तर दातांना काही कामच उरलं नाही. मैदा, लोणी, साखर आणि चिमूटभर मीठ. सोडा नाही म्हणून वर तडे नव्हते, वेलची नव्हती, वरून काट्यानं टोचल्याच्या खुणा होत्या, आणि भाजलेलं असं की रंग चढायच्या आत बाहेर काढलेलं. बाकी ती आपलीच होती, आपल्या नानकटाईची गोरी बहीण.

मग तिनं विचारलं की हे बाकीच्या बिस्किटांपेक्षा वेगळं कशामुळे होतं, आणि मी बोलायला लागले. म्हटलं, बिस्किटाचं पीठ पाण्यात नाहीतर दुधात भिजवतात. मैदा ओला झाला की त्याला चिकटा सुटतो आणि तो चिकटा भट्टीत वाळून कडक होतो. म्हणून बिस्किट कट्कन मोडतं, चहात बुडवलं तरी घटकाभर तग धरतं. नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो. तिथं तूप मैद्याला आधी गाठतं आणि चिकटा धरूच देत नाही. म्हणून ती मळायची नसते, तळहाताच्या उबेनं नुसती गोळा करायची असते. चहात बुडवलीस तर कपाच्या तळाशी शोधावी लागेल. पोरगी फोनवर टिपून घेत होती. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की यातलं एकही वाक्य माझं नाही. "कनाकनाले आधी तूप भेटलं पाह्यजे, मंग त्याले पान्याची याद येत नाई," हे तुमचं बोलणं मी धुऊन-पुसून तिला ऐकवत होते. मला इतका राग आला की मी तिला अर्ध्यावर थांबवलं आणि म्हटलं, जा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय. गिऱ्हाईक कोणीच नव्हतं.

भट्टी मीच चालवते. अजूनही दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत लोक घरून सामान घेऊन येतात, पूर्वीइतके नाहीत. तुमच्या वेळी तर बाकड्यावर जागा नसायची. मैदा, पिठीसाखर, तूप, सगळं डब्यांत भरून बाया यायच्या आणि आपलं तूप आपल्याच परातीत पडतंय ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायच्या. तुम्ही तूप-साखर हातानं फेसायचात, पांढरीशुभ्र होईपर्यंत. मग मैदा घालायचा, गोळे करायचे, पत्र्यावर मांडायचे, आणि ज्या घरचं सामान त्या घरची चिठ्ठी पत्र्याला लावायची. भट्टीतून पत्रा निघाला की त्यातली पहिली नानकटाई तुम्ही मालकिणीसमोर दोन बोटांनी मोडायचात. आवाज आला नाही की मालकीण मान हलवायची. ती मान हलल्याशिवाय तुम्ही दुसरा पत्रा आत सारत नव्हतात. वरवट बकालच्या आपल्या बौद्धवाड्यातून उठून खामगावात येऊन भट्टी घालणारे तुम्ही, त्या एका मान हलण्यावर तुमचा सगळा संसार उभा होता.

नांदुऱ्याच्या बाई तुम्हाला आठवत असतील. मोठ्या शेतीवाडीचं घर, दरवर्षी पितळी डब्यातून घरचं तूप आणायच्या. त्या स्वतःची पाण्याची बाटलीही आणायच्या. मी तेव्हा सातवीत असेन. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि शाळा सुटली की मी भट्टीवरच असायचे. एकदा मी माठातून ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला. त्या हसून म्हणाल्या, "नको व बाई, मले तहान नाई." आणि पाच मिनिटांनी पिशवीतून बाटली काढून पाणी प्यायल्या. सोबतच्या बाईनं हळूच काही विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "नानकटाईचं काई नाई. त्याच्यात पानी नसते ना, चालते." तुम्ही तीन हातांवर होतात. तूप फेसणारा तुमचा हात थांबला नाही. घरी आल्यावर मी रडले, तेव्हा तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "तिले आपलं पानी चालत नाई, आपला हात चालते. तं हातात चूक नाई पाह्यजे. त्यायची चूक झाली तं चूक होते. आपली झाली तं जात होते." हे तुमचं खरं होतं. मी ते मान्य करते. पण त्या खऱ्याची किंमत तुम्ही माझ्याकडून वसूल केलीत, हेही तेवढंच खरं.

नववीत असताना मी पहिल्यांदा एकटीनं परात केली. मिश्रण धरेना. ओंजळीतून वाळूसारखं सुटत होतं. तुम्ही बाहेर लाकडं उतरवून घेत होतात. मी माठातलं अर्धी वाटी पाणी शिंपडलं आणि काय सुरेख गोळा झाला. मला वाटलं मला जमलं. पत्रा बाहेर आला, तुम्ही एक मोडली, कट् झालं. तुम्ही ओरडला नाहीत. मला बाकड्यावर बसवलंत, दोन्ही बाजूंना बसलेल्या बायांना सरकायला सांगितलंत आणि तीस नानकटायांचा तो पत्रा गार झाल्यावर माझ्या मांडीवर ठेवलात. "खा. साऱ्या खा." मी चार खाल्ल्या आणि पाणी मागितलं. तुम्ही म्हणालात, "पानी नाई भेटणार. तूनं पिठात टाकलं ना, तेच पी आता." सतरावीनंतर मला ओकारी आली. तुम्ही पायानं बादली पुढे सरकवलीत, माझं होईपर्यंत थांबलात, आणि मग उरलेल्या तेरा मी खाल्ल्या. बाया खाली बघत होत्या. एकीनंही म्हटलं नाही की पुरे. आजही मला कोरडं काही खाताना घशात ती सतरावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, तूप विसरली का. नाही विसरले. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही किलोभर साजूक तुपाचा डबा माझ्यापुढे ठेवलात. आपल्या घरात पोळीला तूप नसायचं, आणि तुम्ही म्हणालात, "घे, बिघडव. पुरं बिघडव, मंग जमन तुले." मी आठ दिवस बिघडवलं. करपवलं, पसरवलं, कच्चं ठेवलं. ते सगळं तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर एकटे खाल्लंत, कोणाला दिलं नाहीत आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. नवव्या दिवशी माझा हात बसला. तेवढे आठ दिवस माझ्याकडे नसते तर तुमचा राग राग करणं मला फार सोपं गेलं असतं. ते आठ दिवस मध्ये येतात म्हणून तुमच्यावर मी जास्तच चिडते.

कारण पुढे तुम्ही काय केलंत. मी तेवीस वर्षांची. अकोल्याहून पाहुणे आलेले, मुलगा पोस्टात, घरचे लोक साधे. मला तो आवडला होता, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, आज सांगते. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं होतं, "भट्टीपाशी उन्हाळ्यात कसं होत असन तुमचं?" असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. पोह्यांबरोबर मी माझ्या हातची नानकटाई ठेवली होती. मुलाच्या आईनं तोंडभर कौतुक केलं. तुम्ही बशीतली एक उचललीत, मोडलीत, अर्धी तोंडात टाकलीत आणि चार माणसांत म्हणालात, "हात जड हाय पोट्टीचा. अजून पाच वर्षं लागतीन." मुलाची आई आधी हसली, मग तिनं हातातली बशी खाली ठेवली. त्यांना वाटलं असेल बापाला पोरगी द्यायची नाही, किंवा पोरीतच काही खोट आहे. ते परत आले नाहीत. संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, काऊन म्हटलं असं?" तुम्ही म्हणालात, "खरं होतं थे." त्यानंतर स्थळं आली, पण मी कोणापुढे बशी घेऊन गेले नाही. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. तुम्हाला भट्टीवर माणूस मिळालं होतं.

मग तुमचे हात थरथरायला लागले. मी चाळिशीत आले होते. परात तुम्ही सोडत नव्हतात. मी फेसलेलं तूप पुन्हा फेसायचात, माझ्या गोळ्यांना बोट लावून बघायचात, बायांसमोर म्हणायचात, "पाह्यतो म्या, तिले नाई समजत." भट्टी माझ्या जिवावर चालत होती आणि हात तुमचा समजला जात होता. त्या वर्षी मार्गशीर्षात नांदुऱ्याच्या घरचं लग्न निघालं. बाई तोवर वारल्या होत्या, त्यांची सून तूप घेऊन आली. रुखवतात मांडायला नानकटाई हवी होती. तिच्याकडेही पाण्याची बाटली होती, पण आता ती सगळ्यांकडेच असते, त्यावरून काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, या घरचं काम म्या करतो. थंडी अशी होती की डब्यातलं तूप चमच्यानं खरवडावं लागत होतं. तुम्ही फेसलंत, मैदा घातलात, आणि बोटं गारठली म्हणून उन्हात जाऊन बसलात. सून तेव्हा बाजारात गेली होती.

मी परातीत हात घातला. मिश्रण कोरडं होतं, सुटत होतं. अर्धा तास नुसतं तळहातानं चोळलं असतं तर धरलं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. चहाच्या पातेल्यात अर्धा कप दूध उरलेलं होतं. मी ते ओतलं. घाई होती म्हणून ओतलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. घाई नव्हती. मला बघायचं होतं की तुमच्या बोटांना कळतं का. तुम्ही आत आलात, एक गोळा वळलात आणि तुमचा चेहरा खुलला. "धरलं पाह्य," म्हणालात. तुमच्या बोटांना कळलं नाही. तुम्ही साठ गोळे वळलेत, थरथरत्या हातांनी, एकेक पत्र्यावर ठेवलात, आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. कधीही सांगता आलं असतं. पत्रे आत जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

सून परत येऊन बाकड्यावर बसली होती. पत्रा निघाला. तुम्ही रिवाजाप्रमाणे पहिली नानकटाई तिच्यासमोर धरलीत आणि मोडलीत. कट् झालं. बाकड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. सून म्हणाली, "कडक झाली व माय, बिस्किटावानी." तुम्ही तुकडा जिभेवर ठेवलात. बोटं गेली होती पण जीभ शाबूत होती तुमची. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "यात दूध हाय." मग तुम्ही, बाबा, तुमच्या आयुष्यात पहिल्यांदा, मला घाबरून विचारलंत, "म्या टाकलं?"

मी म्हटलं, "हाव बाबा, तुमीच टाकलं. म्या पाह्यलं, मले वाटलं मुद्दाम टाकून राह्यले." एका श्वासात म्हटलं. आणि सुनेकडे वळून म्हटलं, "बाबाचा हात आता राह्यला नाई ताई. मी पुन्हा करून देतो तुमाले." ती बिचारी चांगलीच वागली. म्हणाली, वय झालं, होते असं. पण जाताना सासूचा विषय काढून सोबतच्या बाईशी बोलली ते आपण दोघांनी ऐकलं. "आत्याबाई म्हनूनच यायच्या हातचं पानी घेत नव्हत्या." दुधाचा आणि पाण्याचा काय संबंध, कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. जे होऊ नये म्हणून तुम्ही माझं बालपण खर्चून टाकलंत, ते मी अर्ध्या कपात केलं. तुम्ही हात धुतलेत, बराच वेळ धुतलेत, आणि बाहेर जाऊन बसलात.

परातीला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. त्यानंतर तीन वर्षं जगलात. आणि ज्या माणसाला एकदा वाटलं की आपण दूध ओतलं आणि आपल्यालाच आठवत नाही, त्याला मग काहीच आठवेनासं होतं. "भट्टीचं कुलूप लावलं का म्या?" तुम्ही घरी आल्यावर विचारायचात. लावलेलं असायचं, माझ्यासमोर लावलेलं असायचं. मी म्हणायचे, "मले काय मालूम, पाहून या." तुम्ही टोपी घालून उन्हात परत जायचात, कुलूप ओढून बघायचात आणि घामाघूम होऊन यायचात. कधी दोनदा जायचात. शेजारचे म्हणायचे, किती सांभाळते पोरगी बापाला. मी खरंच सांभाळत होते. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, धुतलेले कपडे. फक्त तुमचा हात तुम्हाला परत देत नव्हते.

शेवटी दवाखान्यात होतात तेव्हाची दुपार. सलाईन चालू होतं, तुम्ही शुद्धीवर होतात, डोळे अगदी स्वच्छ. म्हणालात, "पोरी, एक सांग. त्या रुखवताच्या परातीत दूध कोनं टाकलं?" मी म्हटलं, कायले आता ते. तुम्ही म्हणालात, "मले आठोत नाई म्या टाकल्याचं. लय आठोलं. तू टाकलं असशीन तं सांग, म्या काईच म्हनत नाई. राग नाई माहा. माहा हात गेल्ता का नोता गेला, तेवढं समजू दे मले." तुम्ही हात पांघरुणातून बाहेर काढून ठेवला होता, तळवा वर करून. मी तो धरला नाही. म्हटलं, "तुमीच टाकलं बाबा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग "हाव" म्हणालात आणि डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं की खामगावात असा हात पुन्हा होणार नाही. मी पाहुण्यांना चहा दिला आणि म्हटलं, हो ना, शेवटी शेवटी मात्र विसरायला लागले होते.

हे सगळं मी आज लिहून काढलं, सहा पानं झाली. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही मोकळे झाला असतात. माफी मागावी म्हणून लिहायला बसले असंही नाही, तुम्ही माझी मागितली नाहीत. उद्या हे कागद भट्टीत जातील. पण लिहिताना एके ठिकाणी मी हात आखडता घेतला. लिहिणार होते की दवाखान्यात मला खरं सांगायचं होतं, घसा दाटला, शब्द फुटेना. तसं काही झालं नाही. शब्द लगेच फुटला. तुम्ही डोळे मिटल्यावर मी बाहेर आले आणि मला सणकून भूक लागली, कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी. समोरच्या खानावळीत बसले. वरण-भात होता, वांग्याची भाजी होती, दोन पोळ्या होत्या. तिसरी मी मागून घेतली.